भिलाईच्या मुलींचे बास्केटबॉल

भिलाई हे नाव उच्चारले की मराठी श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती झोतभट्टी. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. परंतु या पोलादनगरीने देशाला पोलादाखेरीज आणखी एक देणगी दिली आहे. ती म्हणजे बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींची. या मुली जिथून वर आल्या त्या महाविद्यालयीन सामन्यांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

बास्केटबॉल हा मुळातच शाळा-कॉलेजांचा खेळ. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे तो सुरू केला. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने स्मिथ कॉलेजातील मुलींना तो शिकवला. मात्र मुलींना धावण्याचा शीण सोसणार नाही, ही तेव्हाची समजूत. म्हणून मैदानाचे तीन भाग केले गेले आणि आपल्या भागाची रेषा कोणीही ओलांडू नये, असा नियम झाला. १८९६ मध्ये स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या मुलींचा सामना झाला, तेव्हा पुरुष प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. स्टॅनफर्डने तो सामना २ विरुद्ध १ असा जिंकला. अमेरिकन महाविद्यालयांतील मुलींना संपूर्ण मैदान मिळायला १९७१ साल उजाडावे लागले. शेजारशेजारच्या कॉलेजांनी आपला गट बांधायचा, गटातील विजेत्या संघाने राष्ट्रीय सामन्यांत उतरायचे, ही तिथली प्रसिद्ध पद्धती मुलींच्या बाबतीत खऱ्या अर्थाने रुजली ती त्यानंतरच.

आपल्याकडे हा खेळ ख्रिस्ती तरुण संघाच्या, म्हणजे वाय. एम. सी. ए.च्या, शिक्षकांनी आणला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले आणि तेथून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी तो देशभर नेला. १९५० मध्ये बास्केटबॉलचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. महाविद्यालयीन सामन्यांची शिडी मात्र विद्यापीठांनी उभारली. १९२५ साली स्थापन झालेले आंतरविद्यापीठ मंडळ १९७३ पासून भारतीय विश्वविद्यालय संघ म्हणून ओळखले जाते. या व्यवस्थेत कॉलेजांच्या सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो विभागीय सामन्यांत उतरतो आणि विभागात वर आलेले संघ अखिल भारतीय फेरीत परस्परांना भिडतात.

भिलाई-दुर्गच्या बाबतीत या शिडीची जागा वारंवार बदलली. येथील कॉलेजे एके काळी १९४६ मध्ये स्थापन झालेल्या सागर विद्यापीठाच्या कक्षेत होती. त्या विद्यापीठाचे क्षेत्र बुंदेलखंडापासून छत्तीसगडापर्यंत पसरलेले. १९६४ मध्ये रायपूरला रविशंकर विद्यापीठ निघाले आणि २०१५ मध्ये खुद्द दुर्गला विद्यापीठ आले. घरापासून सामन्याचे ठिकाण जितके जवळ आले, तितकी मुलीला खेळायला पाठवण्याची घरच्यांची तयारी वाढते, हे कोणत्याही क्रीडाशिक्षकाला ठाऊक असते.

मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. अठराव्या शतकात तो नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. दुर्गच्या शासकीय कन्या महाविद्यालयाला डॉ. वामन वासुदेव पाटणकरांचे आणि तेथील विज्ञान महाविद्यालयाला विश्वनाथ यादव तामस्करांचे नाव आहे. तरीही विद्यापीठांच्या वाटणीत छत्तीसगड पूर्व विभागात आणि नागपूर पश्चिम विभागात गेले. एकाच लोहमार्गावर, सुमारे अडीचशे किलोमीटरच्या अंतराने वसलेल्या या दोन शहरांच्या विद्यापीठकन्या समोरासमोर येणार त्या अखिल भारतीय फेरीतच.

परंतु शिडी कितीही चांगली असली तरी तिचा पाया जमिनीवर भक्कम टेकलेला असावा लागतो. भिलाईत तो पाया कारखान्याच्या वसाहतीने घातला. सेक्टरांची आखीव वस्ती, खेळांची मैदाने आणि पंत स्टेडियममधील बास्केटबॉलचे प्रांगण यांमुळे कामगाराच्या मुलीला खेळ हाकेच्या अंतरावर मिळाला. त्या प्रांगणाला आयुष्य वाहून घेतले ते प्रशिक्षक राजेश पटेल यांनी. अंजू लाकडा, भारती नेताम यांसारख्या त्यांच्या शिष्या भारतीय संघापर्यंत पोहोचल्या. दोन मीटरांहून उंच असलेली पूनम चतुर्वेदी उत्तर प्रदेशातून भिलाईला शिकायला आली. २००० साली जन्मलेल्या छत्तीसगड राज्याचा मुलींचा संघ मोठमोठ्या जुन्या राज्यांना भारी पडू लागला, त्याचे श्रेय फार मोठ्या अंशाने या एका प्रांगणाला आहे. २०१८ मध्ये पटेल निवर्तले.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. कॉलेजचे सामने मुलीला चारपाच वर्षे मैदान देतात. पदवी हाती पडली की ते मैदान सुटते. पुढे खेळायचे तर नोकरी हवी, आणि ती प्रामुख्याने रेल्वेने दिली. म्हणूनच राष्ट्रीय स्पर्धांत राज्यांच्या संघांना वर्षानुवर्षे रेल्वेच्या संघाशी झुंजावे लागले, आणि पुष्कळदा त्या संघातल्या मुली त्यांच्याच अंगणात घडलेल्या असत. जिला नोकरी मिळाली नाही, तिचा खेळ पदवीदान समारंभाबरोबरच संपला. बेरेन्सनबाईंच्या काळी मैदानावर आखलेली रेषा पुसली गेली खरी. पण वयाच्या बाविशी-तेविशीत मुलीच्या वाटेवर पडणारी दुसरी रेषा पुरती पुसलेली नाही.

२०१७ मध्ये बंगळूरला भारतीय महिलांनी कझाकस्तानला ७५ विरुद्ध ७३ असे हरवून आशियाई चषकाच्या दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले. दोन गुणांचा हा विजय त्या एका संध्याकाळचा नव्हता. देशोदेशीच्या बलाढ्य संघांशी झुंजणाऱ्या मुली प्रथम कोठल्या तरी कॉलेजच्या मैदानावर, मोजक्या प्रेक्षकांपुढे खेळलेल्या असतात. भिलाईचा इतिहास सांगतो तो हाच, की करंडकाच्या आधी प्रांगण लागते, प्रांगणाला शिक्षक लागतो, आणि शिकलेल्या खेळाडूला पदवीनंतरही खेळता येईल असा आधार लागतो. पहिल्या दोन गोष्टी भिलाईने करून दाखवल्या. तिसरी साऱ्या देशाने करावयाची आहे.