वही कोणाच्या हातात? कर्जत-खालापुरातला बिटकॉइनचा पहिला हंगाम आणि बाबासाहेबांचा 'रुपयाचा प्रश्न'

२०१७ सालच्या पावसाळ्यात कर्जतमधल्या एका हॉलमध्ये आम्ही 'सेमिनार'ला बसलो होतो. बोलावणारा मुलगा आमच्याच वस्तीतला, चौदा एप्रिलची वर्गणी आमच्यासोबत दारोदार फिरून गोळा करणारा. पडद्यावर आधी सोन्याच्या नाण्याचे चित्र आले आणि लगेच पुढे बाबासाहेबांचे. वक्ता म्हणाला, "सरकारला मनाला येईल तेवढा पैसा काढू देऊ नका, असं बाबासाहेबांनी १९२३ सालीच लिहून ठेवलंय. बिटकॉइन म्हणजे बाबासाहेबांचं अर्थशास्त्र." टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या, हे आधीच कबूल करतो. वाक्य धादांत खोटे असते तर वाजवल्या नसत्या. ते अर्धे खरे होते, आणि म्हणूनच या लेखाची गरज आहे.

अशा प्रकरणांवर वर्तमानपत्रांतून एकच शेरा येतो: लोक लोभी असतात, म्हणून फसतात. हा शेरा मारणाऱ्यांची मुदत ठेव राष्ट्रीयीकृत बँकेत सुरक्षित असते. आमच्याकडची परिस्थिती पाहा. २०१० साली रायगडातलीच पेण अर्बन सहकारी बँक बुडाली. मोलकरणीपासून निवृत्त शिक्षकापर्यंत हजारो ठेवीदार वर्षानुवर्षे मोर्चे काढत राहिले. २०१४ साली रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. त्याच वर्षी सेबीने पर्ल्स म्हणजे पीएसीएल या कंपनीला जमिनीच्या नावाखाली गोळा केलेले सुमारे ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला, आणि तिच्या पावत्या आमच्या तालुक्यांतही ट्रंकांतून निघाल्या. मग ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आली. डब्यात जपलेली पाचशेची नोट सकाळी कागद झाली. सहकारी बँक बुडते, कंपनी बुडते, नोटसुद्धा बुडते, हे ज्याने सहा-सात वर्षांत डोळ्यांनी पाहिले, त्याला कोणी म्हणाले की हा पैसा ना बँकेच्या हातात ना सरकारच्या, तर त्याने कान टवकारणे यात लोभ कमी आणि अनुभव जास्त होता.

त्यात खालापूर-कर्जत पट्ट्यात तेव्हा जमिनीचा पैसा फिरत होता. सिडकोच्या 'नैना' क्षेत्राची घोषणा २०१३ सालची. द्रुतगती महामार्ग आधीच झालेला, फार्महाऊस वाढत होते. ज्यांच्या नावे सातबारा होता त्यांच्या हातात रक्कम आली. ज्यांच्या नावे नव्हता, म्हणजे आमच्यापैकी बहुतेक आणि ठाकूर-कातकरी वाड्या, त्यांच्या हातात काही आले नाही. त्यांनी रक्कम आलेल्यांची घरे तेवढी पाहिली. आमच्या पाहण्यात जमिनीचा दलाल तोच बिटकॉइनचा एजंट झाला. मोटारसायकल तीच, फक्त बॅगेत उताऱ्यांऐवजी लॅपटॉप आला. जमीनवाल्याने लाखाने गुंतवले आणि खोपोलीच्या कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराने बचत गटातून कर्ज काढून. बुडाल्यावर दोघांचे दुःख सारखे असते, असे म्हणणे सोयीचे आहे, पण तसे नसते.

आता मूळ वस्तूकडे येऊ. बिटकॉइनची कल्पना मांडणारे टिपण ३१ ऑक्टोबर २००८ रोजी 'सातोशी नाकामोटो' या टोपणनावाने प्रसिद्ध झाले. तो अमेरिकेतल्या बँका कोसळण्याचा काळ होता. ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक तयार झाला, आणि बँकांना पुन्हा मदत देण्याच्या बेतात असलेल्या ब्रिटिश अर्थमंत्र्यांविषयीचा त्या दिवशीचा वृत्तपत्रातला मथळा त्यातच कोरलेला आहे. सुरुवातीचे लोक हौशी होते, काही खरेच तत्त्वनिष्ठ होते. मे २०१० मध्ये एकाने दहा हजार बिटकॉइन मोजून दोन पिझ्झे घेतले. कल्पना अशी: हिशेबाची एकच वही असेल, पण ती एकाच्या पेटीत राहणार नाही. जगभर हजारो संगणकांवर तिची प्रत असेल, कोणीही तपासू शकेल, मागचे पान कोणाला फाडता येणार नाही. एकूण नाणी २ कोटी १० लाख, त्यापलीकडे नाहीत.

ही कल्पना आम्हाला आजही क्षुद्र वाटत नाही. तिचे महत्त्व वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर राबलेल्या माणसाला अर्थशास्त्राच्या प्राध्यापकापेक्षा लवकर कळेल. कातकरी कुटुंब पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेते, हंगामभर आठवड्याची खर्ची घेते, आणि शेवटी हिशेबाला बसते तेव्हा वही मुकादमाची, अक्षर मुकादमाचे, बेरीजही मुकादमाचीच. कुटुंबाकडे फक्त आठवण असते, आणि आठवणीला सही नसते. म्हणून वही सर्वांसमोर उघडी हवी ही मागणी आमची जुनी मागणी आहे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. तेव्हा आमच्या कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांचा संप सुरूच होता. तिथेही वसूल करणारा आणि हिशेब ठेवणारा एकच होता.

मग प्रश्न असा की, कर्जतच्या हॉलमध्ये आम्हाला विकायला आणली होती ती ही उघडी वही होती का?

नव्हती. तिथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घातल्या होत्या. एक, प्रत्यक्ष बिटकॉइन, त्याचा भाव २०१७ च्या जानेवारीत हजार डॉलरच्या आसपास होता आणि डिसेंबरात वीस हजारांच्या जवळ गेला. हा भाव पडद्यावर दाखवायचा. दुसरी 'गेनबिटकॉइन' ही योजना: तुमचे बिटकॉइन आमच्याकडे ठेवा, दरमहा १० टक्के, अठरा महिने. तिसरी 'वनकॉइन', तिचा बिटकॉइनशी संबंध फक्त नावातल्या यमकापुरता.

गेनबिटकॉइनचे गणित कोणालाही करता आले असते. दहा नाणी ठेवा, अठरा महिन्यांत अठरा घ्या. ही नाणी 'मायनिंग'मधून येतात असे सांगितले जाई. पण जुलै २०१६ नंतर प्रत्येक ब्लॉकमागे साडेबारा नाणी निघत, दिवसाला साधारण १४४ ब्लॉक, म्हणजे अख्ख्या जगातल्या सगळ्या यंत्रांनी मिळून दिवसाला सुमारे १,८०० नाणी. त्यांतला वाटा मिळवायचा तर चीनमधल्या प्रचंड यंत्रशाळांशी स्पर्धा. वीजबिल वेगळे. यातून प्रत्येक ठेवीदाराला महिन्याला दहा टक्के कुठून येणार? नव्या ठेवीदाराच्या खिशातून. २०१७ मध्ये परतावा बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाच्या कंपनीच्याच टोकनमध्ये द्यायला सुरुवात झाली, तेव्हा तरी हे कळायला हवे होते. सावकाराने रोख देणे बंद करून स्वतःच्या सहीच्या चिठ्ठ्या वाटाव्यात, तसा तो प्रकार. योजनेचा प्रमुख अमित भारद्वाज याला एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. खटला निकाली निघण्याआधीच जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. पुढे केंद्रीय तपास यंत्रणांनी या प्रकरणात गोळा झालेल्या रकमेचा अंदाज ६,६०० कोटी रुपयांपर्यंत सांगितला.

वनकॉइनची गोष्ट आमच्या आणखी जवळची. २३ एप्रिल २०१७ रोजी नवी मुंबईत वनकॉइनचा कार्यक्रम सुरू असताना पोलिसांनी तिथे छापा घालून अठरा जणांना पकडले. कर्जतहून पनवेल किती लांब? पण बातमी पोचायला जणू घाट चढावा लागला. आमच्या हॉलमधला कार्यक्रम त्यानंतरचा आहे, यावरून काय ते समजा. वनकॉइन २०१४ मध्ये बल्गेरियाच्या रुजा इग्नातोव्हाने सुरू केले. ऑक्सफर्डची पदवी, रेशमी गाऊन, लंडनच्या वेम्बली अरीनात हजारोंची सभा, सगळे होते. उघडी वही तेवढी नव्हती. नोंदी कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर, आकडा कंपनी टाकेल तो. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी एकूण नाण्यांची मर्यादा एका फटक्यात १२० अब्जांवर नेली आणि सभासदांच्या खात्यातली नाणी दुप्पट केली. लोक नाचले. मर्यादा हीच ज्या वस्तूची किंमत, ती वाढवल्यावर नाचणारे लोक! मुकादमाने वहीत शून्य वाढवावे आणि मजुराने पेढे वाटावेत, असे झाले. ऑक्टोबर २०१७ मध्ये रुजा सोफियाहून अथेन्सला विमानाने गेली ती बेपत्ताच झाली. तिचा भागीदार कार्ल ग्रीनवूड याला सप्टेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने वीस वर्षांची शिक्षा दिली.

आता पडद्यावरच्या दुसऱ्या चित्राबद्दल, कारण आमच्या वस्तीत खरा घाव त्याने घातला. टक्केवारीवर शंका घेणारा माणूस बाबासाहेबांच्या चित्रासमोर गप्प बसला.

'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने १९२३ मध्ये छापले. त्यातला वाद असा. १८९३ मध्ये सरकारने टाकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीला बंद केल्या, पुढे रुपया एक शिलिंग चार पेन्सांवर टांगला आणि सुवर्ण विनिमय पद्धत आणली. केन्स यांनी १९१३ च्या पुस्तकात तिची तारीफ केली होती. बाबासाहेबांनी उलट तपासणी केली: विलायतेतला दर स्थिर राहिला म्हणून रुपया स्थिर झाला का? रुपयाची परीक्षा बाजारात त्यातून किती धान्य, किती कापड येते यावर व्हायला हवी. रुपये काढण्यावर बंधन नसेल तर भाव चढतात, आणि मजुरी भावांच्या मागे फरपटत राहते. सरकारच्या हातात चलनाची सूत्रे देण्याविषयी त्यांना खोल संशय होता. म्हणून नाणेनिर्मितीला पक्की मर्यादा हवी, ही त्यांची मागणी. वक्त्याचे अर्धे खरे ते एवढेच.

उरलेले अर्धे त्याच पुस्तकात आहे, आणि ते वक्त्याने वाचले नव्हते. बाबासाहेबांना मर्यादा हवी होती ती क्रयशक्ती स्थिर राहावी म्हणून. बिटकॉइनला मर्यादा आहे, पण डिसेंबर २०१७ मध्ये वीस हजार डॉलरच्या जवळ गेलेले नाणे वर्षभरात साडेतीन हजारांच्या खाली आले. ज्याच्या भावाचा वर्षात सहावा हिस्साही उरत नाही त्यात मजुरी कोण घेईल? बाबासाहेबांच्या कसोटीवर हे नाणे नापास होते, मग त्याची संख्या कितीही बांधलेली असो. आणि हिल्टन यंग आयोगापुढे रुपयाच्या दराविषयी साक्ष देताना त्यांनी विचारलेला प्रश्न त्याहून टोकदार आहे: दर खाली आणल्याने होणारा फायदा बाहेरून देशात येतो, की देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्या वर्गाच्या खिशात जातो? हा प्रश्न त्या हॉलमध्ये कोणी उभे राहून विचारला असता, तर सेमिनार तिथेच संपला असता. आम्हीही विचारला नाही.

का विचारला नाही, याचा शोध घेताना बोट स्वतःकडे वळते. आम्ही दरवर्षी १४ एप्रिलला व्यासपीठावरून सांगतो की रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या ग्रंथावर उभी राहिली. जे पक्के आहे ते असे: आयोगापुढे १९२५ च्या अखेरीस त्यांची साक्ष झाली. आयोगाने १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. १९३४ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू झाली. पण आयोगाने चलनासाठी सुचवली ती सोन्याच्या लगडींवर आधारलेली पद्धत. बाबासाहेबांची मागणी होती अपरिवर्तनीय रुपया आणि त्याच्या संख्येला पक्की मर्यादा. म्हणजे त्यांचा मुख्य सल्ला मानला गेला नाही. हे सांगितल्याने त्यांची उंची इंचभरही कमी होत नाही. बत्तिशीतला एक भारतीय विद्वान केन्सच्या मताला आव्हान देतो, त्याचे गुरू एडविन कॅनन प्रस्तावना लिहितात आणि त्या प्रस्तावनेतच शिष्याशी मतभेद नोंदवतात, आणि शिष्य ती प्रस्तावना तशीच छापतो, यापेक्षा मोठे काय हवे? पण आम्ही वाद सोडला आणि फोटो घेतला. फोटो आम्ही व्यासपीठावर लावला, वक्त्याने स्लाइडवर. कालाम सुत्ताचे नाव विहारात दर पौर्णिमेला घेणारे आम्ही.

याच तालुक्यात वेगळाही नमुना होता. माथेरानच्या नाभिक कुटुंबात १९१२ मध्ये जन्मलेल्या विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवालांनी शेतकऱ्यांना सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून धान्य कोठ्या काढल्या. पुढे बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेच्या तारांचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते शहीद झाले. मनोरे सगळ्यांना आठवतात, कोठ्या कोणाला नाही. कोठीत किती भात आहे हे मात्र डोळ्यांना दिसत होते.

पुढचे थोडक्यात. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये पहिला इशारा दिला, २०१७ मध्ये आणखी दोन. ते वाडीत कोणी वाचले नाहीत. एप्रिल २०१८ मध्ये बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर बसला. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी आपल्याच तपासाला मदत करायला नेमलेल्या दोन तज्ज्ञांना जप्तीतले आभासी चलन परस्पर वळवल्याच्या आरोपाखाली अटक केली. त्यांतला एक माजी आयपीएस अधिकारी होता. वही पुन्हा एकाच्या हातात गेली होती.

आम्हाला बोलावणारा तो मुलगा आता खोपोली लोकलने पहाटे कामाला जातो. त्याचे स्वतःचे गेले, आणि मावशीच्या बचत गटाचे चाळीस हजार गेले. ते तो दर महिन्याला हजाराने फेडतो. मावशीने त्याच्यासाठी शंभर पानी वही घातली आहे, आणि प्रत्येक हजारापुढे दोघांच्या सह्या असतात.