कार्तूश : नावाभोवतीचे कडे

इजिप्तमधल्या देवळांच्या भिंतींवर चित्रलिपीची दाटी असते. पक्षी, हात, डोळे, कमळे यांच्या ओळीच्या ओळी, आणि त्यांत मधूनच काही चिन्हे एका लांबट कड्यात बंदिस्त केलेली. कड्याच्या बाजू गोलसर असतात आणि एका टोकाला रेघ मारलेली असते. या आकृतीला आज जगभर ‘कार्तूश’ म्हणतात. आत बहुधा राजाचे नाव असते, कधी राणीचे, क्वचित एखाद्या देवाचेही.

ज्यांनी ही आकृती घडवली ते तिला कार्तूश म्हणत नसत. त्यांचा शब्द होता ‘शेनू’, आणि तो ‘वेढणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. कडे मुळात गोल होते. दोरीचे वेटोळे करून तिची टोके खाली बांधली की जे दिसेल ते. ती खालची रेघ म्हणजे गाठ मारलेल्या दोरीची टोके. वर्तुळाला सुरुवात नाही आणि शेवटही नाही, म्हणून ते अक्षयतेचे चिन्ह ठरले. राजाच्या डोक्यावर पंख पसरून उभ्या असलेल्या ससाण्याच्या किंवा गिधाडाच्या पंजात हे गोल कडे पुष्कळदा दिसते. सूर्य ज्याला वेढा घालतो ते सगळे राजाचे, हा त्यामागचा दुसरा अर्थ. नावे गोलात मावेनात, तेव्हा गोल ताणून लांबट झाला.

त्याआधी राजाचे नाव राजवाड्याच्या दर्शनी भिंतीसारख्या दिसणाऱ्या चौकटीत लिहिले जाई आणि चौकटीवर ससाणा बसलेला असे. लांबट कडे नियमाने दिसू लागते ते चौथ्या राजवंशाचा पहिला राजा स्नेफरू याच्यापासून, म्हणजे इ.स.पू. सुमारे २६०० पासून. गिझाचा मोठा पिरॅमिड बांधवणारा खुफू हा त्याचा मुलगा. पुढे राजाला पाच नावे असण्याची पद्धत पक्की झाली. त्यांतली दोनच कड्यात बसत: राज्यारोहणाच्या वेळी घेतलेले नाव आणि जन्मनाव.

कड्यातली चिन्हे मात्र नेहमी उच्चाराच्या क्रमाने नसतात. तुतनखामेनचे राज्यारोहणाचे नाव ‘नेबखेपेरूरे’. उभ्या कड्यात सर्वांत वर सूर्यबिंब, त्याखाली भुंगा, मग तीन रेघा आणि तळाशी टोपली. टोपली म्हणजे ‘नेब’, स्वामी. भुंगा म्हणजे ‘खेपेर’, रूप, आणि तीन रेघांनी त्याचे अनेकवचन होते. सूर्यबिंब म्हणजे ‘रे’ हा देव. उच्चारात देव शेवटी येतो, पण लिहिताना त्याला खाली बसवायचे कसे? म्हणून मान देऊन तो वर लिहिला आहे. मराठी पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ लिहिणाऱ्याला यात नवल वाटू नये.

नाव राहिले तर माणूस राहतो, अशी इजिप्शियनांची श्रद्धा होती, आणि कडे त्या नावाचे रक्षण करी. तिसऱ्या थुतमोसची शवपेटी याच आकाराची आहे. राजांच्या खोऱ्यातल्या त्याच्या थडग्याची मुख्य खोलीसुद्धा याच आकारात खोदलेली आहे, म्हणजे राजा अक्षरशः कड्याच्या आत निजला. उलट कोणाला संपवायचे असेल तर छिन्नी कड्यातल्या नावावरच चाले. हात्शेपसुत राणीचे नाव असे पुष्कळ ठिकाणी खरवडलेले आहे. या भीतीपोटीच की काय, मेदिनत हाबूच्या देवळात तिसऱ्या रामसेसने आपली नावे इतकी खोल कोरवली की त्यांत बोटे आत जातात.

अबायडोस इथल्या पहिल्या सेतीच्या देवळात तर कड्यांची वंशावळच आहे. सेती आणि त्याचा मुलगा, पुढचा दुसरा रामसेस, हे दोघे ७६ राजांच्या नावांना अर्पण करत उभे आहेत. हात्शेपसुत, अखेनातेन आणि तुतनखामेन त्या ओळींत नाहीत. आज तुतनखामेनसाठी जग इजिप्तला येते, पण घरच्या यादीत त्याला जागा नव्हती.

इ.स.पू. ३३२ मध्ये अलेक्झांडरने इजिप्त घेतला आणि त्याच्यामागून टॉलेमींचे ग्रीक घराणे गादीवर आले. इथे लेखनिकांपुढे अडचण उभी राहिली. रामसेस या नावाला इजिप्शियन भाषेत अर्थ होता, टॉलेमी किंवा क्लिओपात्रा यांना नव्हता. मग परकी नावे एकेका ध्वनीला एकेक चिन्ह लावून, जवळपास अक्षर जोडून लिहिली जाऊ लागली. याच काळाच्या शेवटी बांधलेल्या डेंडेराच्या देवळात कित्येक कडी रिकामीच आहेत. सत्ता कोणाची हेच नक्की नसताना कारागिरांनी जागा सोडून दिली असावी, असा त्याचा अर्थ लावला जातो. पुढे रोमन सम्राटांचीही नावे कड्यांत बसली. फिलाई बेटावर इ.स. ३९४ मध्ये कोरलेला लेख हा या लिपीतला शेवटचा ज्ञात लेख. त्यानंतर कडी भिंतींवर राहिली आणि वाचणारे संपले.

‘कार्तूश’ हा शब्द आला तो फ्रेंचांबरोबर. १७९८ मध्ये नेपोलियनची फौज अलेक्झांड्रियाला उतरली, सोबत दीडशेहून अधिक विद्वान होते. त्या काळी सैनिक दारू आणि गोळी कागदाच्या सुरळीत भरून बाळगत आणि टोक दातांनी तोडून बंदूक भरत. त्या सुरळीला फ्रेंचमध्ये ‘कार्तूश’ म्हणत. भिंतीवरचा लांबट आकार तसाच दिसला म्हणून सैनिकांनी तेच नाव दिले, अशी कथा सांगितली जाते. कथा पटण्यासारखी आहे. मात्र कोरीव कामात नाव लिहिण्यासाठी काढलेल्या वेलबुट्टीच्या चौकटीलाही फ्रेंच त्याआधीपासून कार्तूशच म्हणत होते, त्यामुळे सगळे श्रेय शिपायांना देणे जरा घाईचे होईल.

शब्दाचे कूळ पाहिले तर तो परक्या मुलखातला राहत नाही. फ्रेंच कार्तूश इटालियन ‘कार्तोच्चो’वरून आला, तो ‘कार्ता’ म्हणजे कागद यावरून, कार्ता लॅटिन ‘खार्ता’वरून आणि खार्ता ग्रीक ‘खार्तेस’वरून. खार्तेस म्हणजे पपायरसचे पान, आणि पपायरस पिकत होता नाईलच्या काठी. मराठीतले ‘काडतूस’ याच घराण्यातले, ‘कार्ड’ आणि ‘कार्टून’ ही त्याची चुलत भावंडे. १८५७ मध्ये ज्या काडतुसांवरून शिपाई बिथरले, तीही दातांनी तोडायच्या कागदी सुरळ्याच होत्या. अरबीतही ‘खरतूश’ हा एकच शब्द बंदुकीच्या काडतुसाला आणि राजाच्या नावाभोवतीच्या कड्याला चालतो.

विसरलेली चित्रलिपी वाचण्याची किल्ली शेवटी या कड्यांतच सापडली. कड्यांत राजांची किंवा देवांची नावे असावीत, असा तर्क फ्रेंच पंडित बार्तेलमी याने अठराव्या शतकातच केला होता. १७९९ मध्ये रशीद, म्हणजे रोझेटा, इथे तीन लिप्यांतला शिलालेख सापडला. पण त्याचा चित्रलिपीचा भाग वरून फुटलेला होता आणि त्यात राजनाम एकच उरले होते, टॉलेमी. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग याने त्यातली काही चिन्हे ओळखली. एका नावावर पडताळा कसा घेणार? दुसरे नाव मिळाले फिलाईहून इंग्लंडला नेलेल्या एका स्तंभावर, क्लिओपात्राचे.

१८२२ मध्ये फ्रेंच पंडित शाँपोलियों याने ही दोन नावे शेजारी ठेवली. टॉलेमीच्या कड्यातले पहिले चिन्ह चौकोन, ‘प’. क्लिओपात्राच्या नावात प पाचवा, आणि तिथे चौकोनच होता. टॉलेमीत चौथे चिन्ह सिंह, म्हणजे ‘ल’. क्लिओपात्रात ल दुसरा, आणि दुसऱ्या जागी सिंह बसलेला. फक्त ‘त’ जुळेना: एकीकडे अर्धगोल पाव, दुसरीकडे हाताचा पंजा. एकाच ध्वनीला दोन चिन्हे असू शकतात, हे त्याने ताडले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अबू सिंबेलच्या देवळातल्या लेखांच्या नकलांमध्ये त्याला सूर्यबिंबाने सुरू होणारे एक नाव दिसले, शेवटी ‘स’ दोनदा. कॉप्टिक भाषेत सूर्याला ‘रे’ म्हणतात हे त्याला ठाऊक होते. नाव निघाले रामसेस. म्हणजे ध्वनीला चिन्ह लावण्याची पद्धत केवळ परक्या नावांपुरती नव्हती. २२ सप्टेंबर १८२२ ही तारीख असलेल्या, दासिये या फ्रेंच पंडितांना लिहिलेल्या पत्रातून त्याचा हा शोध जाहीर झाला.

आज कैरोच्या खान अल-खलीली बाजारात, लक्सॉरला आणि अस्वानला हेच कडे सोन्याचांदीच्या पदकाच्या रूपात विकले जाते. पर्यटक कागदावर आपले नाव लिहून देतो, कारागीर पत्र्यातून एकेक चिन्ह कापून कड्यात झाळून बसवतो. किंमत वजनावर, वर घडणावळ. ज्यांना सोने परवडत नाही त्यांच्यासाठी तेच नाव पपायरसवर रंगवून मिळते. पपायरस करण्याची विसरलेली रीत हसन रगब या इजिप्शियन गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उभी केली. केळीच्या सोपटाचा नकली माल खपवणारेही पुष्कळ आहेत.

या पदकांची ‘बाराखडी’ प्राचीन म्हणून खपते, पण ती बरीचशी सोयीची आहे. इजिप्शियन लेखनात स्वर सहसा लिहीत नसत. ‘मीरा’ लिहून मागितले तर मिळते घुबड, वेताचे दोन तुरे, तोंड आणि गिधाड. घुबड आणि गिधाड गळ्यात घालायला मराठी घरातली आजी परवानगी देईलच असे नाही. तिकडे मात्र गिधाड राजाचे रक्षण करणाऱ्या नेखबेत देवीचे रूप आहे.

एक चिन्ह तर सरळ परकीयांसाठीच पक्के झालेले आहे. जुन्या इजिप्शियन लिपीत ‘ल’साठी वेगळे अक्षर रूढ नव्हते, ते ग्रीक राजांची नावे लिहिताना ठरले. लीला नावाच्या बाईच्या पदकात जे दोन सिंह बसतात, ते टॉलेमी आणि क्लिओपात्रा यांच्या कड्यांतून आलेले असतात.