ब्रह्मगिरीची फेरी

श्रावणातील तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालण्याची प्रथा आहे. अंबडपासून त्र्यंबक सुमारे ३० किलोमीटर. रविवारी सायंकाळपासूनच नाशिकहून एसटीच्या जादा गाड्या भरून निघतात. कुशावर्तात स्नान करून भाविक प्रयागतीर्थ, पहिने, सापगाव असे सुमारे २० किलोमीटर चालून त्र्यंबकला परततात. याच प्रदक्षिणेत वाट चुकलेल्या निवृत्तीनाथांना गहिनीनाथांचा अनुग्रह लाभला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. फेरी बहुतांशी रात्री, पावसात होत असल्याने विजेरी आणि चिखलात न निसटणारी पादत्राणे हवीत; अनवाणी चालणाऱ्यांची गोष्ट निराळी! गोदावरीचा उगम याच डोंगरावर. २०२१ मध्ये पायथ्याशी झालेल्या उत्खननाविरुद्ध पर्यावरणप्रेमींनी आवाज उठवला, तो डोंगर खचेल आणि झरे आटतील या भीतीपोटी.