स्टेशनपर्यंतची सायकल

वसईचा इतिहास लिहावयास बसलेली लेखणी सहसा किल्ल्याच्या तटबंदीपाशी जाऊन थांबते. 1534 चा तह, 1739 ची चिमाजी आप्पांची मोहीम, भग्न ख्रिस्तमंदिरे, संत गोन्सालो गार्सियाची जन्मभूमी, हे सारे आमच्या वाचकांना तोंडपाठ आहे आणि ते पुन्हा पुन्हा सांगण्यात आम्हांसही आनंद वाटतो. परंतु ज्या वस्तूवाचून वाडीतला तरुण मुंबईच्या कचेरीत वेळेवर पोहोचला नसता आणि रात्री आपल्या घरी परतून सर्वांबरोबर रोझरीला गुडघे टेकू शकला नसता, त्या वस्तूची दखल आपल्या इतिहासलेखनाने क्वचितच घेतली. ती वस्तू म्हणजे सायकल. माणसे कामावर जाण्यासाठी सायकल का धरतात, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. वसईपुरते त्याचे उत्तर शोधू लागले की मात्र आपल्या समाजाच्या गेल्या शंभर वर्षांचा बराचसा हिशेब हाती लागतो.

प्रारंभ रेल्वेपासून करावयास हवा. बी. बी. अँड सी. आय. कंपनीने मुंबई आणि सुरत जोडण्यासाठी लोहमार्ग टाकला. वसईच्या गावांची सोय हा काही त्याचा हेतू नव्हता. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुटली. दिवसाला एक गाडी, सकाळी जाणारी आणि सायंकाळी परतणारी. त्या काळच्या स्थानकांच्या यादीत नीला, बसीन आणि पांजे अशी नावे आढळतात. नीला म्हणजे आजचे नालासोपारा, बसीन म्हणजे वसई रोड आणि पांजे म्हणजे खाडीच्या मधोमध असलेले पाणजू बेट. तोवर वसईचा दरवाजा समुद्राकडे होता. बंदर, किल्ला, बाजार, सारे पश्चिमेस. लोहमार्ग गेला तो पूर्वेच्या अंगाने, आणि घराचे मागील दार एकाएकी पुढचे दार झाले. पापडी, सांडोर, रमेदी, गिरीज, भुईगाव, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, अर्नाळा ही सारी गावे आपापल्या स्टेशनपासून कोसभर, दोन कोस, काही तर त्याहून दूर पडली. वसई गावातून स्टेशन गाठावयाचे तर चालत सव्वा तास. अर्नाळ्याहून विरार त्याहून लांब.

हे अंतर प्रथम बैलगाडीने, टांग्याने आणि मुख्यत्वे पायांनी कापले गेले. केळी, पानवेली, भाजी आणि फुले मुंबईच्या बाजारात धाडणाऱ्या वाडीवाल्यास बैलगाडी पुरेशी होती, कारण मालाची गाडी रात्री केव्हाही जुंपता येई. परंतु 1936 साली बोरिवलीच्या पुढे विरारपर्यंत विजेवरची गाडी धावू लागली आणि मुंबईच्या गिरण्या, गोद्या, छापखाने आणि कचेऱ्या वसईच्या तरुणास रोजच्या पल्ल्यात आल्या. येथे घड्याळाने प्रथम वाडीत पाऊल टाकले. गाडी कोणासाठी थांबत नाही. गिरणीचा भोंगा आणि कचेरीचे हजेरीपुस्तक तर त्याहून कठोर. सव्वा तासाची वाट वीस-पंचवीस मिनिटांत उरकणारे दोन चाकांचे यंत्र मग चैन राहिले नाही.

या ठिकाणी थोडा हिशेब मांडावासा वाटतो. एका खेपेस पाऊण तास वाचला तर दोन खेपांचा दीड तास. या दीड तासात वसईचा नोकरदार काय करी? तो पहाटे वाडीला पाणी सोडी, केळीचे बुंधे साफ करी, आणि मग आंघोळ आटोपून गाडीला जाई. सायंकाळी परतल्यावर उजेड असेतो पुन्हा वाडीत असे. एकाच माणसाने कारकून आणि शेतकरी असे दोन जन्म एका दिवसात जगण्याची ही किमया होती. आमच्या गोव्याच्या बांधवांचे घर मुंबईपासून फार दूर. म्हणून त्यांनी धोबीतलाव आणि माझगाव येथे गावागावांचे कूड उभारले, तेथे ट्रंका ठेवल्या, तेथेच प्रार्थना केली आणि वर्षाकाठी एकदा घर पाहिले. वसईकरास कूड उभारावे लागले नाहीत. त्याचे गाव, त्याचे धर्मग्राम, त्याची बोली हातची सुटली नाही. याचे श्रेय आपण रेल्वेला देतो आणि ते योग्यच आहे. परंतु रेल्वे माणसास स्टेशनवर सोडी, घरी नव्हे. उरलेली वाट सायकलीची होती.

भूमीनेही साथ दिली. डोंगर पूर्वेस, तुंगारेश्वराच्या बाजूस; समुद्राकडची पट्टी सपाट. वाड्यांमधल्या ज्या अरुंद वाटांत बैलगाडीचे चाक अडे, तेथून सायकल सहज निघून जाई. पावसाळा तेवढा बाधक. पाण्याखाली गेलेल्या वाटेवर सायकल खांद्यावर घेऊन चालणारी माणसे आम्ही लहानपणी पुष्कळ पाहिली आहेत. वाहनाने माणसास न्यावयाचे की माणसाने वाहनास, असा विनोद तेव्हा नेहमी होई.

आरंभी सायकली इंग्लंडहून येत. रॅले, बी. एस. ए., हर्क्युलिस ही नावे घराण्याच्या नावांइतक्या आदराने घेतली जात. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि देशी कारखाने उभे राहिले. मद्रासला टी. आय. सायकल्स 1949 साली, सोनीपतला अ‍ॅटलस 1951 साली, आसनसोलला सेन-रॅले 1952 साली, लुधियानाला हिरो 1956 साली. तरीही नोकरदाराच्या पगारात सायकल सहज बसत नसे. म्हणूनच तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने नाक्यानाक्यावर चालली, आणि म्हणूनच घरातली एक सायकल तीन माणसांची असे. सकाळी बाप, दुपारी थोरला मुलगा, सायंकाळी दांड्याखालून पाय घालून चालवू पाहणारा धाकटा. दिव्यावाचून रात्री चालवली अथवा कोणास डबल सीट बसवले की पोलिसाची शिट्टी. नगरपालिकांनी सायकलीवर करही बसवला होता आणि कर भरल्याचा पत्र्याचा बिल्ला मिरवावा लागे. गरिबाच्या वाहनावर कर घेणारे राज्य त्या करातून गरिबास रस्ता देते काय, हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारला नाही.

धर्मगुरूंचेही हेच वाहन होते. आजाऱ्यास ख्रिस्तशरीर न्यावयाचे, शाळेची तपासणी करावयाची, दूरच्या कपेलात मिस्सा करावयाची, तर सायकल. चेनकव्हर नसलेल्या सायकलींनी पांढऱ्या झग्यांचे किती काठ काळे केले असतील त्याची गणती नाही. येथे एक गोष्ट वाचकांस सांगावीशी वाटते. इटलीत कोमो सरोवरानजीक गिसालोच्या घाटमाथ्यावर पवित्र मारियेचे एक छोटे मंदिर आहे. 13 ऑक्टोबर 1949 रोजी पोप पायस बारावे यांनी गिसालोच्या मारियामातेस सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. तेथे शर्यतवीरांच्या सायकली आणि अंगरखे नवसाच्या वस्तूंप्रमाणे वाहिलेले आहेत. 1938 आणि 1948 अशी दोन वेळा फ्रान्सची महाशर्यत जिंकणारा जीनो बार्ताली हा श्रद्धावंत कॅथलिक होता. महायुद्धाच्या काळात, सरावाच्या मिषाने, ज्यूंचे प्राण वाचविणारी बनावट ओळखपत्रे सायकलीच्या नळीत दडवून तो नेत असे, असे सांगितले जाते. याद वाशेम या संस्थेने 2013 साली, त्याच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, ज्यूंना वाचविणाऱ्या सज्जनांमध्ये त्याचे नाव नोंदविले. सायकलवर बसण्याची कारणे किती परीची असू शकतात!

स्त्रियांचे कारण पुन्हा निराळे. आपल्या समाजातील मुली शिक्षिका आणि परिचारिका होऊ लागल्या तेव्हा नेमणुकीची शाळा नेहमीच घराशेजारी नसे. दांडा नसलेली लेडीज सायकल प्रथम ज्या आळीत आली तेथे कुजबूज झाली. मुलीच्या जातीला हे शोभते काय, असे विचारणारी वडील मंडळी होतीच. पण महिनाअखेरीस पगार घरी आला की कुजबूज मावळे. तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात 1991 च्या सुमारास जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या काळात साक्षरता मोहिमेने सायकल शिकविणे हाच अभ्यासक्रमाचा भाग केला आणि लाखभर ग्रामीण स्त्रिया सायकल चालवू लागल्या. पाणी आणणे, मुलास दवाखान्यात नेणे, माल बाजारात पोहोचविणे, यांसाठी पुरुषाची वाट पाहणे संपले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या गेल्या. शाळा दूर म्हणून मुलगी घरी बसणे, याला हा सर्वांत स्वस्त उपाय ठरला असे आमचे मत आहे.

मग ही सायकल गेली कोठे? रिक्षा आल्या, लुना आणि स्कूटर आल्या, हातात पैसा आला, हे खरे. पण एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. 1990 च्या दशकात वसईच्या पट्ट्यात इमारतींचे अरण्य वाढू लागले. वाडीच्या विहिरींतील पाणी उपसून नेणारे टँकर त्याच अरुंद रस्त्यांवरून धावू लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईच्या आंदोलनाने जमीन आणि पाणी यांसाठी जो लढा दिला तो आपण जाणताच. त्याच लढ्याच्या पोटात रस्त्याचाही प्रश्न होता, तो मात्र आपल्याला तेव्हा दिसला नाही. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली होती आणि गावातले रस्ते बव्हंशी बैलगाडीच्या मापाचे. सायकलस्वारास मागून येणाऱ्या चाकांचे भय वाटू लागले. पहाटेच्या मिस्सेला सायकलवरून येणाऱ्या वृद्धांना मुलांनी घरी बसविले. आज अर्ध्या किलोमीटरवरून धर्मशिक्षणाच्या वर्गाला येणारे मूलही आईबापांच्या स्कूटरवरून उतरते. त्या आईबापांना आम्ही दोष देत नाही. परंतु त्या स्कूटरींच्या गर्दीनेच दुसऱ्या मुलाची सायकल बंद पडते, एवढे त्यांनी ध्यानात घ्यावे.

हॉलंडचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. तो देश जन्मापासून सायकलींचा होता असे आपण समजतो. वस्तुतः तेथेही मोटारींनी सायकलीस हटविले होते. 1971 साली तेथील रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेवर मुले होती. 'बालहत्या थांबवा' अशा नावाची चळवळ आईबापांनी उभी केली. त्यातच 1973 साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले, 4 नोव्हेंबरपासून मोटारींविना रविवार पाळले गेले, आणि पुढील वर्षांत सायकलींसाठी निराळे मार्ग बांधले गेले. माणसे परत सायकलवर बसली ती रस्ता सुरक्षित झाल्यावर. कोपनहेगनच्या महापालिकेने आपल्या नागरिकांना वारंवार विचारले की तुम्ही सायकल का चालविता. पर्यावरणासाठी असे म्हणणारे थोडे निघतात. लवकर पोहोचतो आणि सोपे जाते, असे सांगणारेच अधिक. म्हणजे आमच्या सांडोर-गिरीजच्या आजोबांचे आणि त्यांचे उत्तर एकच. पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रात शहरांतील वाहतूक आणि एकदोन माणसांसाठी धावणाऱ्या मोटारी यांवर स्पष्ट लिहिले आहे. त्याचा वारंवार उल्लेख करणारे आम्ही, मंदिराच्या आवारात मात्र मोटारींसाठी फरशी घालतो.

मार्च 2020 मध्ये महामारीमुळे लोकल बंद पडल्या आणि सर्वसामान्य प्रवाशांना त्या ऑगस्ट 2021 पर्यंत जवळजवळ बंदच राहिल्या. त्या दिवसांत माळ्यावरच्या सायकली खाली आल्या, पंक्चरवाल्यांना कामे मिळाली. रस्ते रिकामे होते, हे त्याचे खरे कारण. वाहने परतली आणि बहुतेक सायकली पुन्हा माळ्यावर गेल्या. आता रविवारी पहाटे शिरस्त्राण घालून अर्नाळ्याच्या किनाऱ्याकडे जाणारे तरुण दिसतात. त्यांची सायकल प्रकृतीसाठी आहे आणि तिची किंमत ऐकून आमच्यासारख्यास घेरी येते. त्यांचे कौतुकच आहे. परंतु त्याच वेळी इमारतीवरची रात्रपाळी संपवून परतणारा रखवालदार, घरोघरी पाव टाकणारा पोऱ्या, वालीव-सातिवलीच्या कारखान्यांकडे निघालेला परप्रांतीय कामगार, हेही सायकलवरच असतात. 2011 च्या जनगणनेने देशातील शेतीबाहेरच्या कामकऱ्यांना कामावर कसे जाता असे विचारले, तेव्हा शंभरांतील तेरा जणांनी सायकल असे सांगितले होते. आमच्या वाडवडिलांची जागा आज या माणसांनी घेतली आहे. कारणही तेच आहे, वेळ थोडा आणि पैसा त्याहून थोडा. त्यांच्या शिरावर शिरस्त्राण नाही, सायकलीला दिवा नाही, आणि रस्त्याची आखणी करताना त्यांना कोणी मोजलेले नाही. त्यांच्यापैकी पुष्कळजण रविवारी आपल्याच मंदिराच्या मागच्या बाकांवर बसतात आणि त्यांची सायकल कुंपणाला साखळीने बांधलेली असते, कारण सायकलींचा जुना स्टँड आपण काढून टाकला.

फेब्रुवारी 2024 मध्ये वसई आणि भाईंदर यांच्या दरम्यान वाहने नेणारी रो-रो बोट सुरू झाली. खाडीने आजवर स्टेशनपाशी अडविलेले वसईचे वाहन आता वसईच्या धक्क्यावरून पैलतीरी उतरते. तो धक्का किल्ल्याच्या बाजूस आहे आणि त्याकडे जाणारा रस्ता गावातूनच जातो. बोट लागण्याच्या वेळी त्या रस्त्यावर मोटारींच्या रांगेशेजारून एखादी सायकल पुढे काढता येते का, हे वाचकांनी एकदा स्वतः जाऊन पाहावे.