शाळेंतील गोणपाट

इ. स. १८५६ मध्यें धारवाडच्या सरकारी शाळेंत प्रवेश नाकारलेल्या एका महार मुलानें मुंबई सरकारकडे अर्ज केला. त्याची बाजू न्यायाची आहे, हें सरकारनें अमान्य केलें नाहीं. परंतु एकास घेतल्यास बाकीचे विद्यार्थी शाळा सोडतील, या भीतीनें अर्ज फेटाळला गेला. दोन वर्षांनीं सरकारी खर्चाच्या शाळा सर्व जातींस खुल्या असल्याचें जाहीर झालें. कागद झाला; वर्ग मात्र मास्तरांच्याच हातीं होता.

जोतीराव फुले यांनीं हें दुखणें आपल्या देशापुरतें मानलें नाहीं. १८७३ सालचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनीं निग्रोंना दास्यांतून सोडविणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केला. तेथेंही बेड्या तुटल्या, पण अनेक प्रांतांत काळ्या मुलांच्या शाळा निराळ्याच राहिल्या. ती विभागणी घटनाबाह्य ठरावयास १९५४ साल उजाडावें लागलें.

आपल्याकडे दार उघडल्यानंतर आंत काय चाले, याची साक्ष डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं लिहून ठेविली आहे. साताऱ्याच्या शाळेंत ते कोपऱ्यांत गोणपाटावर बसत. शाळा झाडणारा गडी त्यास शिवत नसे, म्हणून तें रोज घरीं न्यावें लागे. तहान लागली तरी नळास हात लावावयाचा नाहीं. शिपायानें तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसला तर घसा कोरडा. यास छडीची वा शिवीची गरजच नव्हती. पुढें मुंबईस कृ. अ. केळुसकर या गुरुजींनीं मॅट्रिक झालेल्या याच विद्यार्थ्यास आपलें बुद्धचरित्र भेट दिलें व शिष्यवृत्तीसाठीं सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. तेही मास्तरच!

अमळनेरच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेंत १९२४ पासून पांडुरंग सदाशिव साने शिक्षक होते. छात्रालयाची देखरेखही त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, कपडे धूत. झाडू हें खालच्या जातीचें काम मानणाऱ्या समाजांत गुरूनें तो मुलांदेखत हातीं घ्यावा, हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकांत नव्हता. १९३० त नोकरी सोडून ते सत्याग्रहांत शिरले. पंढरपूरचें विठ्ठलमंदिर हरिजनांस खुलें व्हावें म्हणून १९४७ च्या १ मे रोजीं त्यांनीं उपोषण आरंभिलें. मंदिर उघडण्याचें ठरल्यावर तें सुटलें. त्या वेळीं ते कोणत्याही शाळेंत नोकरीस नव्हते. लोक त्यांस साने गुरुजीच म्हणत.