व्याख्यान : सभामंडपातून पडद्यावर

व्याख्यान ऐकावयाचे तर घर सोडून सभेला जावे लागते, ही गोष्ट आपणा सर्वांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिलाही एक इतिहास आहे याचे भान सहसा राहत नाही.

१८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणत्यांनी बोलावे, नागरिकांनी ऐकावे, हा तिचा साधा हेतू होता. त्याच वर्षी स्वामी दयानंद पुण्यात आले. त्यांची व्याख्याने हिंदीत झाली. परंतु कोणी ती टिपून घेतली, मराठीत छापली, म्हणूनच त्यांतील पंधरा आज वाचावयास मिळतात. जी टिपली गेली नाहीत अशी त्या काळातील असंख्य व्याख्याने मंडपाबरोबरच उठून गेली.

आता आपल्या गावांकडे पाहू. १८६३ साली बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला आणि मुंबईचा वक्ता पुण्यास सहज येऊ लागला. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग झाला, दौंड जंक्शन बनले. घोडनदीकाठच्या शिरूरला मात्र आगगाडी लाभली नाही. पुणे दोन्ही गावांपासून पाऊणशे किलोमीटरच्या आतबाहेर. परंतु दौंडकराने गाडीचे वेळापत्रक पाहावे आणि शिरूरकराने परतीच्या एस.टी.ची चिंता करावी, असाच क्रम राहिला. सायंकाळचे व्याख्यान रंगात यावे आणि आपण मात्र घड्याळाकडे पाहत उठावे, हा अनुभव आम्हांला नवा नाही. १९५३ साली पुण्यास आकाशवाणी केंद्र आले व वक्त्याचा आवाज घरात पोचला. पण आपला प्रश्न त्याच्यापर्यंत पोचत नव्हता.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, सभागृहांना कुलुपे पडली. महाराष्ट्रातील अनेक व्याख्यानमाला आणि साहित्यसंस्थांचे कार्यक्रम तेव्हा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले. पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून आम्ही घरी व्याख्याने ऐकली. गुडघेदुखीने जिना न चढू शकणाऱ्या आजी आणि रात्री बाहेर पडण्याची सोय नसलेली सून, दोघी प्रथमच श्रोत्यांत आल्या. प्रश्नही लिहून पाठविता येऊ लागला. हा लाभ लहान नव्हे.

परंतु हानीही सांगितली पाहिजे. न पटणारे मत ऐकताना सभेतून उठून जाण्यास संकोच वाटतो. पडद्यावर बोट फिरविले की काम झाले. न पटणारेही शेवटपर्यंत ऐकून घेण्याची जी सवय व्याख्यानमालेने समाजाला लावली, तीच येथे पणाला लागली आहे. शिवाय समोरच्या चेहऱ्यांवरून वक्ता आपले बोलणे सावरतो. पडद्यापुढे त्याला तो आधार मिळत नाही.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच : सभामंडप पूर्ववत भरावा, पण पडदाही मिटू नये. शिरूर आणि दौंडच्या वाचनालयांत एकाच पडद्यापुढे पंचवीस जणांनी एकत्र बसावे, शेवटपर्यंत ऐकावे, चिठ्ठीवर प्रश्न लिहून पाठवावेत आणि व्याख्यान संपल्यावर पायरीवर उभे राहून वाद घालावा. आणि कोणीतरी एकाने वही उघडून सारे टिपून ठेवावे. पडद्यावरचे बोलणेही, जपले नाही तर, १८७५ च्या बोलण्याप्रमाणेच नाहीसे होते.