स्पिरुलिना खरंच 'सुपरफूड' आहे का? समजून घ्या सहा गोळ्यांचा हिशेब

गडद हिरवी पावडर, पाण्याचा ग्लास आणि खाली ओळ: 'अंड्यापेक्षा जास्त प्रोटीन, शाकाहारी लोकांसाठी बी१२, शिवाय पर्यावरणपूरक!' असं रील तुमच्याही फीडमध्ये आलं असेल. यातला एक दावा अर्धा खरा आहे, एकावर विसंबून राहणं धोक्याचं आहे आणि तिसऱ्याला काही अटी आहेत. एकेक करून पाहूया.

स्पिरुलिना म्हणजे नेमकं काय?

आपण तिला निळं-हिरवं शेवाळ म्हणतो, पण शास्त्रीयदृष्ट्या ती सायनोबॅक्टेरिया गटात मोडते. म्हणजे सूर्यप्रकाशावर स्वतःचं अन्न तयार करणारे जीवाणू. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे तंतू स्प्रिंगसारखे पिळदार दिसतात, त्यावरूनच हे नाव पडलं.

हा शोध काही फिटनेस कंपन्यांचा नाही. मेक्सिकोतले अ‍ॅझ्टेक लोक टेस्कोको तलावातून ती गोळा करून खात. आफ्रिकेत चाड सरोवराच्या परिसरात कानेम्बु समाजाच्या बायका आजही डबक्यांतून ती काढतात आणि वाळूवर वाळवून तिच्या वड्या करतात. 'दिहे' नावाच्या या वड्या कालवणात घालून भरडधान्याच्या उकडीसोबत खाल्ल्या जातात.

तिला खारं, अल्कधर्मी पाणी आणि भरपूर ऊन लागतं. अशा पाण्यात इतर बरेच जीव तग धरत नाहीत, त्यामुळे तिला स्पर्धा कमी असते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणीही असंच अल्कधर्मी आहे आणि तिथेही स्पिरुलिनाची नोंद झाली आहे.

प्रोटीन किती? आधी वजन बघा

१०० ग्रॅम सुक्या स्पिरुलिनात साधारण ५७ ग्रॅम प्रोटीन आणि २८ मिलिग्रॅम लोह असतं. आकडे जबरदस्त आहेत आणि खरेही आहेत. पण १०० ग्रॅम पावडर खातं कोण?

बाजारातली एक गोळी बहुतेक वेळा ५०० मिलिग्रॅमची असते. दिवसाला ६ गोळ्या घेतल्या तरी पोटात जाते ३ ग्रॅम स्पिरुलिना. हिशेब असा होतो:

• ६ गोळ्या: सुमारे १.७ ग्रॅम प्रोटीन
• १ अंडं: सुमारे ६ ग्रॅम प्रोटीन
• ३० ग्रॅम, म्हणजे मूठभर फुटाणे: सुमारे ६ ग्रॅम प्रोटीन

लोहाचंही तसंच. ६ गोळ्यांतून १ मिलिग्रॅमही मिळत नाही. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं.

थोडक्यात, स्पिरुलिना पौष्टिक आहे, पण चिमूटभर खाल्ली तर फायदाही चिमूटभरच.

बी१२ चा दावा: इथे सावध राहा

दूध, दही, अंडी, मासे आणि मांस हे बी१२ चे नेहमीचे स्रोत. त्यामुळे शाकाहारी घरांत त्याची कमतरता वारंवार आढळते आणि स्पिरुलिनाची जाहिरात नेमकी याच लोकांना गाठते.

जपानी संशोधक फुमिओ वातानाबे आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये स्पिरुलिनाच्या गोळ्या तपासल्या. त्यात बी१२ सारखं जे काही होतं, त्यातला ८० टक्क्यांहून जास्त भाग 'स्यूडो' बी१२ निघाला. हा बी१२ चा तोतया भाऊ! रचना जवळपास तीच, पण माणसाच्या शरीराला त्याचा उपयोग होत नाही. जीवाणूंच्या वाढीवरून बी१२ मोजण्याच्या जुन्या पद्धतीत हा तोतयाही मोजला जातो. त्यामुळे आकडा मोठा दिसतो.

बी१२ दीर्घकाळ कमी राहिलं तर हातापायांना मुंग्या येणं, तोल जाणं, विसरभोळेपणा असे त्रास सुरू होतात. उपचाराला फार उशीर झाला तर मज्जातंतूंचं नुकसान कायमचं राहू शकतं. रक्ततपासणीत बी१२ कमी आलं असेल, तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या किंवा इंजेक्शन बंद करून स्पिरुलिनावर विसंबू नका.

पर्यावरणाचं काय?

इथे तिची बाजू बरीच भक्कम आहे. तिला सुपीक जमीन लागत नाही. उथळ टाक्यांत, खारट पाण्यातही ती वाढते. काढणी महिन्यांऐवजी काही दिवसांत होते आणि ताटं, साल, भुसा असं काही मागे उरत नाही.

१ किलो सुकी स्पिरुलिना तयार होताना सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड शोषला जातो. पण आपण ती खाल्ली की त्यातला बहुतेक कार्बन श्वासावाटे हवेत परत जातो. त्यामुळे 'गोळी खा, प्रदूषण कमी करा' असं गणित मांडता येत नाही.

शिवाय टाकीतलं पाणी सतत ढवळायला आणि पीक वाळवायला ऊर्जा लागते. नायट्रोजनही बाहेरून पुरवावा लागतो, कारण हवेतला नायट्रोजन तिला वापरता येत नाही. तूर-हरभऱ्याला मात्र मुळांवरच्या गाठींतल्या जीवाणूंमुळे तो मिळतो. म्हणजे मांसाच्या जागी स्पिरुलिना आली तर पर्यावरणाचा फायदा मोठा. वरणाच्या जागी आली तर तसं म्हणता येणार नाही.

घ्यायची असेल तर?

• एफएसएसएआय परवाना क्रमांक आणि जड धातू व मायक्रोसिस्टिन तपासणीचा उल्लेख बघा. मायक्रोसिस्टिन हे दुसऱ्या काही सायनोबॅक्टेरियांचं विष आहे. अस्वच्छ टाकीत त्यांची भेसळ होऊ शकते.
• फिनाइलकिटोन्युरिया हा आनुवंशिक आजार असलेल्यांनी ती टाळावी.
• गरोदर असाल, ऑटोइम्यून आजार असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं सुरू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आवडत असेल आणि परवडत असेल, तर स्पिरुलिना जरूर खा. फक्त ताटातली उसळ आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली बी१२ ची गोळी तिच्यासाठी बाजूला सारू नका.